दोरखंड तुटला, तर पिंप कोणाचे?

समुद्री व्यापाराच्या इतिहासात वादळांची, चाच्यांची आणि आरमारी लढायांची वर्णने विपुल आढळतात. परंतु व्यापारी आणि नाखुदा, म्हणजे जहाजाचा प्रमुख, यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे कितीतरी तंटे जहाज किनाऱ्यावरून हलण्यापूर्वीच उद्भवत असत. मालाची खरेदी झालेली आहे, किंमत ठरलेली आहे, मात्र माल जहाजाच्या पोटात अद्याप पोचलेला नाही, अशी एक मधली अवस्था प्रत्येक व्यापारात असते आणि त्या अवस्थेत माल फुटला, सांडला किंवा बुडाला तर नुकसान कोणाचे, चढवणाऱ्यांची मजुरी कोणाकडे आणि उशिराचा भुर्दंड कोणावर, हे तीन प्रश्न हमखास उभे राहतात. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील युरोपीय व्यापारात हे प्रश्न द्राक्षमद्याच्या, म्हणजे वाइनच्या, चढवणीत सर्वांत तीव्रतेने उमटले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भोपाळच्या करोंद भागातील कृषी उपज मंडीत गव्हाची आणि सोयाबीनची पोती ट्रकमध्ये चढताना तेच तीन प्रश्न आजही विचारले जातात, म्हणून या जुन्या तंट्यांकडे केवळ कुतूहल म्हणून पाहणे पुरेसे नाही.

वाइन हा चढवण्यास अत्यंत अडचणीचा माल होता. ती लाकडी पिंपांतून जात असे आणि इंग्रजांच्या मापाप्रमाणे एका मोठ्या पिंपात, म्हणजे 'टन'मध्ये, २५२ गॅलन, सुमारे साडेनऊशे लिटर, वाइन मावे. लाकडासह त्याचे वजन एक हजार किलोंच्या वर जाई. त्याच्या निम्म्या पिंपाला 'पाइप' आणि चौथाई पिंपाला 'हॉग्जहेड' म्हणत. जहाजात अशी किती पिंपे मावतात यावरून जहाजाचे आकारमान सांगण्याची रीत युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर रूढ झाली होती, यावरून या मालाचे त्या व्यापारातील स्थान लक्षात येते. कापडाचा गठ्ठा हातातून निसटला तर तो झटकून पुन्हा उचलता येतो. वाइनचे पिंप निसटले तर फळ्यांचा ढीग आणि ओली जमीन एवढेच शिल्लक राहते. शिवाय पिंप न पडताही गळू शकते, हेलकाव्यांनी सांधे सैल होऊन अर्धे रिकामे होऊ शकते, उष्णतेने आतले द्रव्य आंबू शकते आणि यांपैकी कोणता दोष चढवणीपूर्वीचा व कोणता नंतरचा, हे उघड्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

या तंट्यांचा निवाडा करण्यासाठी जे नियम दीर्घकाळ वापरले गेले, त्यांत 'ओलेराँचे नियम' सर्वांत प्रसिद्ध आहेत. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील ओलेराँ या बेटाचे नाव लाभलेले हे नियम मध्ययुगात, बाराव्या-तेराव्या शतकांच्या आसपास, बोर्दोच्या वाइन-व्यापाराच्या निमित्ताने आकाराला आले आणि पुढे इंग्लंडसह उत्तर युरोपातील अनेक बंदरांत प्रमाण मानले गेले. त्यांतील एक कलम थेट दोरखंडाविषयी आहे. पिंपे वर चढवण्यापूर्वी नाखुद्याने ज्या दोरांनी आणि फासांनी ती उचलली जाणार आहेत, ते व्यापाऱ्यांना दाखवले पाहिजेत, आणि त्यांनी दुरुस्ती सांगितल्यास ती केली पाहिजे. दोर न दाखवता चढवणी केली आणि दोर तुटून पिंप गेले, तर भरपाई नाखुदा आणि खलाशी यांनी द्यावी. परंतु व्यापाऱ्यांनी दोर पाहून ते पुरेसे भक्कम असल्याचे सांगितले आणि तरीही ते तुटले, तर नुकसान दोन्ही बाजूंनी, म्हणजे मालाच्या धन्याने एकीकडे आणि नाखुदा व खलाशांनी दुसरीकडे, वाटून घ्यावे.

हे कलम वाचताना त्यामागील न्यायबुद्धी थक्क करते. दोर जहाजाचा म्हणून जबाबदारी नेहमी जहाजाची, किंवा माल व्यापाऱ्याचा म्हणून तोटा नेहमी व्यापाऱ्याचा, असे कोणतेही सरधोपट उत्तर या कलमाने दिलेले नाही. उचलण्यापूर्वी कोणी काय दाखवले आणि कोणी काय पाहून मान्य केले, यावर जबाबदारीची वाटणी ठरवली आहे. पाहणी ही येथे औपचारिकता राहत नाही. पाहणारा माणूस आपल्या संमतीने जोखमीचा वाटेकरी होतो. दुसरी लक्षणीय बाब अशी की, खलाशी या वाटणीत नाखुद्याच्या बरोबरीने उभे आहेत. चढवणीबद्दल त्यांना वेगळे शुल्क मिळे आणि पिंप फुटल्यास भरपाईतही त्यांचा वाटा असे, त्यामुळे जीर्ण दोराबद्दल बोलण्याचे कारण त्यांच्याकडे होते आणि त्यांच्या बोलण्याला वजनही होते.

याच नियमांच्या दुसऱ्या एका कलमात, जहाज बोर्दोहून वाइन घेऊन निघाल्यावर वाटेत पिंपे फुटली आणि ती नीट रचली नव्हती असा आरोप व्यापाऱ्याने केला, तर नाखुद्याने आणि व्यापाऱ्यानेच निवडलेल्या तीन-चार खलाशांनी शपथ घेऊन आपला दोष नाकारावा, म्हणजे ते मोकळे होतील, अशी तरतूद आहे. पुरावा मिळण्याची शक्यता नसलेल्या ठिकाणी साक्षीदार निवडण्याचा अधिकार तक्रारदाराला द्यावा, ही युक्ती कायद्याच्या अभ्यासकांनी आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. 

कोणाचा माल आधी चढावा, हा बोर्दोमधील तंट्याचा आणखी एक मोठा विषय होता. नव्या हंगामाची वाइन बाजारात जो प्रथम पोचवेल त्याला चढा भाव मिळे, म्हणून शरद ऋतूतील पहिल्या जहाजांतील जागा मौल्यवान असे. बोर्दोच्या नागरिकांनी या जागेवर विशेषाधिकारच मिळवला होता. गारोन नदीच्या वरच्या खोऱ्यातील वाइन ठरावीक तारखेपर्यंत, आधी ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत आणि पुढे नाताळापर्यंत, शहरात येऊ द्यायची नाही, असा तो नियम होता. वरच्या खोऱ्यातील उत्पादकांना निराळ्या, लहान मापाची पिंपे वापरावी लागत, आणि भाडे पिंपांच्या संख्येवर आकारले जात असल्यामुळे त्याच भाड्यात त्यांची वाइन कमी जाई. जहाजाच्या दाराशी माल अडवून बाजार ताब्यात ठेवण्याचा हा प्रकार शतकानुशतके चालला आणि १७७६ मध्ये तुर्गो या अर्थमंत्र्याने फर्मान काढून तो रद्द केला. 

गळतीच्या तंट्याला फ्रान्सच्या १६८१ च्या सागरी अध्यादेशाने विलक्षण उत्तर दिले. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून तयार झालेल्या या संहितेनुसार, खराब झालेला किंवा भाव उतरलेला माल भाड्याच्या बदल्यात जहाजमालकाच्या गळ्यात मारण्याची मुभा व्यापाऱ्याला नव्हती. परंतु वाइन, तेल, मध यांसारख्या द्रवांची पिंपे गळून पूर्ण वा जवळजवळ रिकामी झाली असतील, तर ती रिकामी पिंपे भाड्यापोटी नाखुद्याकडे सोडून देण्याचा अधिकार व्यापाऱ्याला होता. पोचवलेच काही नाही, तर भाडे कशाचे, हा सरळ व्यवहारी प्रश्न या अपवादाच्या मुळाशी दिसतो.

सतराव्या शतकापर्यंत भरणपत्र, म्हणजे ज्याला व्यापारी 'बिल ऑफ लेडिंग' म्हणतात ती मालाची पावती, चढवणीच्या तंट्यांचे मुख्य शस्त्र बनली होती. देवाच्या कृपेने अमुक माल चांगल्या स्थितीत जहाजावर चढला, अशा धर्तीच्या वाक्याने तिची सुरुवात होई. तिच्या सहसा तीन प्रती निघत आणि एका प्रतीवर माल सोडवला की उरलेल्या प्रती रद्द समजल्या जात. नाखुदा मात्र सावध असे. पिंपाच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही आणि गळतीला आपण जबाबदार नाही, अशी पुस्ती तो जोडून घेई. याच कागदात भाड्याखेरीज 'प्रायमेज' नावाची एक रक्कम नमूद असे आणि माल काळजीपूर्वक चढवल्याबद्दल ती नाखुद्याला व खलाशांना मिळे. काळजी हा वेगळा मोबदला मागणारा श्रम आहे, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी कागदावर मान्य केले होते.

भारताकडे येणाऱ्या वाइनची वाट बव्हंशी पोर्तुगालहून आणि मदेरा बेटावरून जाई. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या पोर्तुगीज जहाजांवर वाइनची पिंपे शिध्याचा भाग म्हणून चढत; १५८३ मध्ये गोव्याला आलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याने जहाजावरील माणसांना बिस्किट, खारवलेले मांस आणि पाण्यासोबत रोज ठरावीक मापाची वाइन मिळत असल्याचे नोंदवले आहे.   परतीच्या प्रवासात खलाशांना स्वतःचा माल भरलेली पेटी करमुक्त नेण्याची सवलत असे आणि या 'सवलतीच्या पेट्या' डेकवर इतक्या रचल्या जात की, तोफांपर्यंत पोचणेही कठीण होई. जागेवरून होणारी ही ओढाताण आणि चढवणीतील उशीर जिवावर बेतू शकत होता. मलबारातील लढायांमुळे मिरी वेळेवर न मिळाल्याने 'साओ जोआओ' हे जहाज ३ फेब्रुवारी १५५२ रोजी, म्हणजे हंगाम उलटत असताना, कोचीनहून निघाले आणि जून महिन्यात आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर फुटले.

मदेराच्या फुंशाल येथे जहाजांना टेकायला बंदरच नव्हते. जहाजे खुल्या समुद्रात नांगरून राहत आणि पिंपे किनाऱ्यावरील गोट्यांवरून लोटत नेऊन पाण्यात उतरवली जात, तेथून पोहणारी माणसे ती होड्यांपर्यंत ढकलत नेत. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या वाटेवर येथे थांबून वाइन भरत आणि उष्ण कटिबंधातून गेलेली मदेरा अधिक चांगली होते, असा अनुभव आल्यामुळे भारताची फेरी करून आलेल्या वाइनला युरोपात वेगळी किंमत येऊ लागली. लाट फुटताना छातीने पिंप अडवणाऱ्या त्या पोहणाऱ्यांचा उल्लेख मात्र मालाच्या पावतीत कोठेही येत नसे.

पश्चिम भारतातील किनाऱ्यावर वाइन ही मुख्यतः परदेशी व्यापाऱ्यांच्या वापराची वस्तू होती. इंग्रज कंपनी इराणातील शिराझ येथे आपल्या वखारींसाठी वाइन करवून घेई आणि ती गोम्ब्रून बंदरातून सुरतेला येई. सुरतेच्या तापी नदीत मोठी जहाजे येऊ शकत नसल्यामुळे ती सुवाळीच्या खाडीत नांगरत आणि तेथून माल गाड्यांवरून व लहान होड्यांतून शहरात जाई; या दुहेरी हाताळणीत वजन, मोजणी आणि झडती यांवरून खटके उडत. १६१५ मध्ये इंग्लंडचा राजदूत टॉमस रो सुवाळीला उतरला, तेव्हा झडतीला त्याने दिलेला नकार हा त्याच्या आणि सुरतेच्या अधिकाऱ्यांच्या पहिल्याच भेटीतील मोठा वाद ठरला.

मराठी राज्याला समुद्री मालाच्या हक्काचे प्रश्न परके नव्हते. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज कंपनीच्या वकिलाने, हेन्री ऑक्झिंडेन याने, मांडलेल्या मागण्यांपैकी, किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रज जहाजांचा माल परत मिळावा ही मागणी शिवाजी महाराजांनी मान्य केली नाही. फुटलेल्या जहाजावरील हक्क हा कोकणचा जुना रिवाज आहे आणि इंग्रजांना सूट दिली तर इतरही ती मागतील, अशी त्यामागील भूमिका होती. राजापूरच्या इंग्रज वखारीच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन देण्याचे मात्र त्यांनी मान्य केले. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात, कौल म्हणजे अभयपत्र घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांना उपद्रव होऊ नये आणि कौल नसलेल्यांनाही दिलासा देऊन बंदरात आणावे, असे धोरण आहे.

भारतीय व्यापाऱ्यांनी चढवणीनंतरच्या जोखमीवर काढलेला सर्वांत चतुर तोडगा म्हणजे जोखमी हुंडी. माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिहून ती सराफाला विके आणि आपले पैसे लगेच उभे करी. जहाज सुखरूप पोचले तर हुंडीचे पैसे वसूल होत आणि जहाज बुडाले तर हुंडी निष्फळ ठरून तोटा सराफाच्या माथी बसे. कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच कागदात गुंफलेले असत. माळव्यासारख्या भूवेष्टित प्रदेशात हेच काम 'हुंडाभाडे' करी: हुंडेकरी म्हणून ओळखला जाणारा वाहतुकीचा ठेकेदार एकठोक रक्कम घेऊन मालाचे भाडे, वाटेतील जकाती आणि जोखीम, सर्व काही स्वतःच्या अंगावर घेई.  ज्या मुलखातून ही वाहतूक चाले, त्याच मुलखात आजची करोंदची मंडी आहे.

विसाव्या शतकात दोराचा हा जुना प्रश्न पुन्हा एका न्यायालयासमोर आला आणि योगायोगाने त्यात मुंबईची कंपनी होती. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'जलआझाद' हे जहाज १९५१ मध्ये लंडनच्या गोदीत भारत सरकारने खरेदी केलेले आगीचे बंब भरून घेत होते. जहाजाची यारी एक बंब उचलत असताना, तो जहाजाच्या कठड्यापलीकडे जाण्यापूर्वीच खाली पडला. विक्रीच्या प्रचलित नियमानुसार माल कठडा ओलांडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असे, त्यामुळे बंब अजून विक्रेत्या पायरीन कंपनीचाच होता. दुरुस्तीचा खर्च ९६६ पौंड आला. जहाज कंपनीने निष्काळजीपणा मान्य केला, परंतु समुद्री मालवाहतुकीविषयीच्या १९२४ च्या हेग नियमांनुसार आपली जबाबदारी २०० पौंडांपुरतीच आहे, असा दावा केला. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी १९५४ मध्ये जहाज कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. यारीच्या टोकाला झुलणाऱ्या मालासोबत, कठड्यावरून उभ्या कल्पिलेल्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे जबाबदारीनेही झुलावे, ही कल्पना त्यांनी निकालपत्रात फेटाळली आणि चढवणी ही एक अखंड क्रिया मानून तिच्यातील कोणते काम कोणाचे, हे पक्षांनी आपसांत ठरवावे, असे म्हटले. आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाण अटींतून कठड्याची ती रेषा २०१० च्या सुधारणेत वगळण्यात आली. दोर दाखवण्याचे जे कर्तव्य ओलेराँच्या कलमात होते, त्याविषयी या संपूर्ण खटल्यात कोणी विचारले नाही, ही बाब खेदाची वाटते.

करोंदच्या मंडीतील व्यवहार या दृष्टीने पाहिला तर त्याचे टप्पे ओळखीचे वाटतात. शेतकऱ्याची ट्रॉली आवारात उभी राहते, पोते फोडून किंवा ढिगात हात घालून व्यापारी दाणा तळहातावर घेतात, दाताखाली धरून ओल अजमावतात, बोली लागते, भाव ठरून अनुबंध पत्र, म्हणजे सौद्याचा करार, होते, त्यानंतर तुलावटी म्हणजे मापाडी वजन करतो आणि हम्माल पोती भरून, शिवून, पाठीवरून ट्रकपर्यंत नेतात. मध्य प्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम, १९७२ अन्वये व्यापारी, तुलावटी आणि हम्माल यांना मंडी समितीची अनुज्ञप्ती लागते आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे मिळावेत, असे कायदा सांगतो. बोली लागून गेल्यावर ट्रॉलीच्या तळाशी ओला किंवा काडीकचऱ्याचा माल निघाला म्हणून भाव तोडण्याचा प्रयत्न झाला की वाद पेटतो. पिंपाच्या आत काय आहे ते ठाऊक नाही, अशी पुस्ती जोडणारा नाखुदा आणि ढिगाच्या तळाची खात्री नसलेला व्यापारी यांची अडचण एकच आहे.

चढवणीच्या मजुरीवरून तर अलीकडे उघड संघर्ष झाला आहे. ट्रकमध्ये माल भरण्याची व उतरवण्याची हमाली, जिला महाराष्ट्रात वाराई म्हणतात, ती वाहतूकदाराकडून वसूल करण्याची प्रथा अनेक बाजारांत रुळली होती. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रातील आणि मध्य प्रदेशातील मालवाहतूकदारांच्या संघटनांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा दिली. मागणी रास्त आहे, कारण भाडे ठरवताना ज्या खर्चाचा उच्चार झालेला नाही तो ट्रकचालकाच्या खिशातून काढणे अन्याय्यच आहे. परंतु ही घोषणा तीन जुन्या प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर देते. मजुरी कोणी द्यायची हे ठरले, तरी पोते फाटले तर धान्य कोणाचे, उशीर झाला तर भुर्दंड कोणावर आणि, जुन्या तिन्हींहून वेगळा प्रश्न म्हणजे, पाठ मोडली तर माणूस कोणाचा, हे उरतेच.

या शेवटच्या प्रश्नाला महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न केला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या या कायद्याने हमालांची मंडळांकडे नोंदणी करून, मालकांकडून मजुरीसोबत अतिरिक्त आकार वसूल करून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि अपघाताची भरपाई देण्याची व्यवस्था उभी केली. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालाला संघटित कामगाराची ओळख दिली. मध्य प्रदेशात मंडीतील अनुज्ञप्तीधारक हम्माल आणि तुलावट्यांसाठी शासनाची साहाय्य योजना आहे आणि ती उपयोगी आहे. परंतु साहाय्य अर्ज केल्यावर मिळते, तर हक्क व्यवहारातच लिहिलेला असतो. ओलेराँच्या खलाशाला चढवणीच्या शुल्कात वाटा होता, दोराविषयी बोलण्याचा अधिकार होता आणि तोट्यातही त्याची गणना होती. आजच्या हम्मालाच्या वाट्याला सौद्यातून मजुरी आणि इजा या दोनच गोष्टी येतात.

करोंदच्या आणि इतर मंडी समित्यांना यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. अनुबंध पत्र आणि तौल पर्ची, म्हणजे वजनाची पावती, हे कागद आजही प्रत्येक सौद्याला निघतात. त्यांवर बोलीपूर्वी माल कोणी आणि कोठपर्यंत तपासला, भरणीची हमाली कोण देणार, जोखीम वजनकाट्यावर बदलते की ट्रकच्या फाळक्यावर आणि माल कोणत्या हम्मालांनी उचलला, या चार ओळी वाढवाव्यात, आणि शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने व वाहतूकदाराने त्या वाचल्याखेरीज पहिले पोते उचलू देऊ नये.